जपून ठेवलेल्या चिठ्ठ्या

गेले पाच-सहा आठवडे इथे काही लिहिलं नाही, म्हणून दोघा-तिघांनी फोन करून तब्येतीची चौकशी केली. तब्येत उत्तम आहे. मी न्यू जर्सीत होतो, वहिनींकडे. दादाला जाऊन आता सव्वा वर्ष झालं. एवढं मोठं घर एकटीला झेपेना म्हणून वहिनींनी ते विकलं आणि मंदारच्या घराजवळ दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलं. सामान आवरायला घरचं माणूस हवं होतं. "काका, तुम्हीच या. आई दुसऱ्या कुणाला काही टाकू देत नाही," मंदार म्हणाला. मी टाकू देणाऱ्यांतला आहे असं त्याला का वाटलं, देव जाणे! मी १९७८ पासूनच्या दैनंदिन्या सांभाळून ठेवलेला माणूस.

आवराआवरीत बाकी सगळं ठीक झालं, पण गाडी अडली ती तळघरातल्या एका फडताळाशी. त्यात सिनेमाच्या डिस्क होत्या, तीनशेच्या आसपास. दादाला सिनेमाचं वेड लहानपणापासूनचं. साताऱ्याला असताना तंबूतले सिनेमे चोरून बघून त्यानं आण्णांचा मारही खाल्लेला. अमेरिकेत जम बसल्यावर आधी व्हिडिओ कॅसेट, मग डीव्हीडी, मग ब्लू-रे असं करत त्यानं ते वेड पैसे मोजून पुरवलं. मंदारचं म्हणणं, सगळं खोक्यात भरून लायब्ररीच्या विक्रीला देऊन टाकू. वहिनी काहीच बोलेनात. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ पन्नास वर्षांत मला कळायला लागला आहे. मी म्हटलं, आधी बघू तर खरं.

बघता बघता फडताळाच्या खालच्या कप्प्यात बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा निघाला. उघडला तर आत नुसत्या चिठ्ठ्या! बसच्या तिकिटापेक्षा थोड्या मोठ्या, गुळगुळीत कागदाच्या. प्रत्येकीवर सिनेमाचं नाव, एका संकेतस्थळाचा पत्ता आणि दहा-बारा, काहींवर त्याहून जास्त, अक्षरं-आकड्यांची एक ओळ. रबरबँड लावून दादानं गठ्ठे केले होते. वरच्या गठ्ठ्यावर त्याच्या अक्षरात कागद: "रिटायर झाल्यावर बघायचे."

मला काहीच उलगडा होईना. मग मंदारची मुलगी ईशा आली. ती कॉलेजात शिकते आणि मला छोटे आजोबा म्हणते. तिनं माझी शिकवणी घेतली. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा, माझ्यासारख्या मास्तरांनी वाचावा.

साधारण २००८ पासून अमेरिकेत सिनेमाची डिस्क विकत घेतली की तिच्याबरोबर 'डिजिटल कॉपी' मिळायला लागली. सुरुवातीला ती कॉपी एका वेगळ्या डिस्कवर असे आणि चिठ्ठीवरचा कोड घातला की संगणकात उतरवता येई. पुढे ती वेगळी डिस्क गेली आणि नुसती चिठ्ठी राहिली. कोड संकेतस्थळावर भरायचा, की तो सिनेमा आपल्या नावच्या खात्यात जमा! मग तो टीव्हीवर, फोनवर, कुठेही इंटरनेटवरून बघायचा. कोड एकदाच चालतो. एकानं वापरला की दुसऱ्याला तो रद्दी. आणि चिठ्ठीच्या तळाशी, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा अक्षरात, एक मुदत छापलेली असते. अमक्या तारखेपर्यंत वापरा.

त्या मुदतीशीच आमची कहाणी अडकली.

डब्यात त्रेचाळीस चिठ्ठ्या होत्या. दोन संध्याकाळी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. मी भिंग घेऊन कोड वाचायचा, ईशानं भरायचा आणि वहिनींनी शेंगा सोलत त्या त्या सिनेमाचं नाव ऐकायचं. हा ओ आहे की शून्य, हा बी आहे की आठ, यावर आमचे वाद. परीक्षेचे पेपर तपासताना जसे ढीग करतो तसे मी ढीग केले. चौदा चिठ्ठ्या चालल्या. बावीस चिठ्ठ्यांना 'मुदत संपली' असं उत्तर आलं. मुदत उलटूनही एखादी चालते असं ईशानं ऐकलं होतं म्हणून आम्ही सगळ्याच भरून पाहिल्या, आणि खरंच अशा तीन चालल्या. त्या या चौदातच धरल्या आहेत. पाच आधीच वापरलेल्या निघाल्या, आणि दोन चिठ्ठ्यांवरची अक्षरं तळघराच्या दमटपणानं पुसट झालेली. चौदा उत्तीर्ण, त्रेचाळीसपैकी. माझ्या वर्गाचा असा निकाल लागला असता तर मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं असतं.

दर 'मुदत संपली'ला वहिनी एवढंच म्हणायच्या, "हा बघायचा होता त्यांना." पाच-सहा वेळा ऐकल्यावर ईशानं संगणक मिटला आणि म्हणाली, "आजी, थांबूया का?" वहिनी म्हणाल्या, "नाही गं. सगळे बघू."

मंडळी, मला राग आला तो इथे. दादा आळशी नव्हता की विसरभोळाही नव्हता. त्यानं त्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या. आम्ही दोघं ज्या घरात वाढलो तिथे नवी वही जूनमध्ये मिळाली तरी जुनीची कोरी पानं आधी संपवायची असत. चांगलं ते मागे ठेवायचं, अडीअडचणीला, सणासुदीला, म्हातारपणाला. जपलेली वस्तू टिकते हा आमच्या पिढीचा धर्मच. आणि इथे नेमकं उलटं. ज्यानं घाईनं वापरलं त्याला मिळालं, ज्यानं जपलं त्याचं गेलं. वस्तू झिजून गेली असती तर समजलं असतं. लोणच्याला बुरशी लागते, शालूला कसर लागते, औषधाचा गुण जातो. पण एका कोडाला काय होतं? त्याला ना गंज ना वाळवी. तो शिळा होतो तो केवळ कुणीतरी तसं ठरवलं म्हणून. तो सिनेमा त्या कंपनीकडे आजही आहे, आजही विकायला आहे, आणि त्याची किंमत दादानं डिस्कबरोबर एकदा मोजलेली आहे.

"पण छोटे आजोबा, डिस्क तर आहे ना? कोड एक्स्ट्रा होता," ईशा म्हणाली. मुद्दा बिनतोड आहे. मी रात्रभर त्यावर विचार केला. तरी मला वाटतं, खोक्याच्या दर्शनी भागावर ब्लू-रे, डीव्हीडी आणि डिजिटल अशी तिन्ही नावं मोठ्या अक्षरात छापता आणि तिन्ही मिळून एक किंमत लावता, तेव्हा तिसरी गोष्ट फुकटची कशी? वाण्यानं साखर, चहा आणि गूळ असं एकत्र बांधून विकावं आणि नंतर म्हणावं, गूळ तसा वरचा होता, संक्रांतीच्या आत न्यायला हवा होतात!

दुसरा प्रश्न त्याहून मोठा. आधीच वापरलेल्या त्या पाच चिठ्ठ्या दादानंच वापरलेल्या असणार. म्हणजे त्याचं कुठेतरी खातं होतं. ईशानं शोधलं तर होतंच. पासवर्ड कुणाला ठाऊक नाही. नवा मागवला तर तो दादाच्या ईमेलवर जाणार, आणि ते ईमेल घराच्या इंटरनेट जोडणीबरोबर मिळालेलं. दादा गेल्यावर मंदारनं ती जोडणी बदलली, ईमेल बंद झालं. मदत केंद्राला फोन केला तर बाई फार गोड बोलली, पण उत्तर असं की खातं त्या व्यक्तीपुरतं असतं, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. "बायकोच्यासुद्धा?" मी विचारलं. "हो सर, तुमच्या दुःखात सहभागी आहोत." कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव बदललं तरी नियम बहुतेक ठिकाणी असेच आहेत.

म्हणजे बघा. फडताळातल्या तीनशे डिस्क वहिनींच्या झाल्या, त्याला कुणाची परवानगी लागली नाही. पण खात्यातले सिनेमे दादाबरोबर गेले. डिस्क ही वस्तू आहे आणि कोड ही परवानगी आहे. वस्तूला वारस असतो, परवानगीला नसतो. हा एवढा फरक त्या चिठ्ठीवर कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही.

मग सवयीप्रमाणे मी याच्या मागचं वाचायला लागलो. इतिहास शिकवलेला माणूस, दुसरं काय करणार! तर गंमत अशी की, हा वाद अमेरिकेत शंभर वर्षांहून जुना आहे. एका प्रकाशकानं 'द कास्टअवे' नावाच्या कादंबरीत छापलं होतं की हे पुस्तक एक डॉलरहून कमी किमतीला विकायला आमची मनाई आहे. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानानं ते एकोणनव्वद सेंटला विकलं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९०८ मध्ये निकाल लागला तो दुकानाच्या बाजूनं. पुस्तक एकदा विकलंत की त्याच्या पुढच्या विक्रीवर तुमचा हक्क संपला. नुसतं पुस्तकात छापल्यानं तो शिल्लक राहत नाही. जुन्या पुस्तकांची दुकानं, लायब्रऱ्या, मित्राला दिलेली डिस्क हे सगळं तिथे या तत्त्वावर उभं आहे.

आता १९०८ नंतर थेट २०१७ वर येऊ. रेडबॉक्स नावाची कंपनी होती, वाण्याच्या दुकानाबाहेर लाल यंत्रं ठेवून डिस्क भाड्यानं देणारी. तिनं डिस्नेचे डिस्क आणि कोड असलेले संच बाजारातून विकत घेतले, डिस्क भाड्यानं दिल्या आणि आतल्या चिठ्ठ्या सुट्या विकायला काढल्या. डिस्ने कोर्टात गेली. म्हणाली, खोक्यावर लिहिलंय की कोड वेगळा विकता येणार नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी मनाईहुकूम द्यायला नकार दिला. खोक्यावर तसं छापलं म्हणून ग्राहकाशी करार होत नाही, आणि कोड वापरायचा तर डिस्क स्वतःकडेच ठेवली पाहिजे ही अट म्हणजे वस्तू विकण्याचा ग्राहकाचा हक्क मारणं आहे, असं त्यांचं म्हणणं. पण कंपन्यांचे वकील शेवटी वकील! डिस्नेनं खोक्यावरचा आणि संकेतस्थळावरचा मजकूर बदलला, पुन्हा कोर्टात गेली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच न्यायालयातून मनाईहुकूम मिळवला. सहा महिन्यांत चित्र पालटलं ते मजकूर बदलल्यामुळे. २०२४ मध्ये तर रेडबॉक्सचं दिवाळंच निघालं आणि ती लाल यंत्रं बंद पडली.

आणि खात्यांचं म्हणाल, तर तीही कायमची नसतात. २०११ मध्ये हॉलिवूडच्या बहुतेक मोठ्या कंपन्यांनी मिळून 'अल्ट्राव्हायोलेट' नावाची सोय काढली. एकदा कोड भरा, सिनेमा तुमच्या कपाटात कायमचा, अशी कल्पना. डिस्ने आणि ॲपल त्यात कधी आल्याच नाहीत. ३१ जुलै २०१९ ला ती सोय बंद झाली. ज्यांनी आपलं कपाट एखाद्या दुकानाच्या खात्याशी जोडलं होतं त्यांचे बहुतेक सिनेमे तिथे राहिले. ज्यांनी जोडलं नव्हतं आणि सूचनेची पत्रंही वाचली नव्हती, त्यांच्या कपाटाला दारच उरलं नाही. आता त्या जागी २०१७ मध्ये सुरू झालेली 'मूव्हीज एनीव्हेअर' आहे. डिस्ने, फॉक्स, सोनी, युनिव्हर्सल आणि वॉर्नर यांचे सिनेमे त्यात येतात. पॅरामाउंट आणि लायन्सगेट त्यात नाहीत. त्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या ठिकाणी भराव्या लागतात. आणि ही सोय फक्त अमेरिकेपुरती.

या 'फक्त अमेरिकेपुरती'चा अनुभव मला जुना आहे. दादा सुरुवातीला मला डिस्क पाठवायचा, तर आमच्या यंत्रावर लागायच्या नाहीत. कारण डीव्हीडीच्या जगात अमेरिका विभाग एक आणि भारत विभाग पाच! मग त्यानं एकदा, २०१२ च्या सुमारास, एका सिनेमाचा कोडच ईमेलनं पाठवला. "हा तरी लागेल, याला टपाल लागत नाही," असं लिहून. मी हौसेनं भरला. उत्तर आलं, ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही. मी तसं दादाला कळवलं तर त्याचं एका ओळीचं उत्तर: "असू दे, आलास की माझ्याकडे बघू." मी गेलो. पण ते बघायचं राहूनच गेलं.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर ईशा म्हणेल छोटे आजोबांनी एकतर्फी लिहिलं. ती म्हणाली, "आजीचे गुडघे बघा. खाली वाकून डिस्क घालता येते का तिला? आणि त्या दोन खोल्यांत तीनशे डिस्क ठेवायच्या कुठे?" हेही खरं. चालले त्या चौदांतला एक सिनेमा आम्ही त्याच रात्री लावला. वहिनी खुर्चीत बसल्या बसल्या बटण दाबत होत्या. पडद्याखाली मोठ्या अक्षरात संवाद येत होते आणि हवं तिथे थांबवता येत होतं. त्यांना सोपं पडलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. शिवाय डिस्कही अमर नसतात. दादाच्या फडताळातल्या सात-आठ चरे पडून वाया गेलेल्या होत्याच. आणि डिस्क लावायची यंत्रंही आता दुकानात सहज दिसत नाहीत. २०२३ च्या सप्टेंबरात नेटफ्लिक्सनं टपालानं डिस्क पाठवणं थांबवलं. २०२४ मध्ये बेस्ट बाय या मोठ्या दुकानानंही सिनेमाच्या डिस्क विकणं बंद केलं. तेव्हा 'आमच्या वेळचं तेच खरं' असं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की विकताना खरं बोला. भाड्यानं देत असाल तर भाडं म्हणा. थोड्या दिवसांपुरतं देत असाल तर मुदत खोक्याच्या दर्शनी भागावर, किमतीएवढ्याच अक्षरात छापा. आणि 'विकत घ्या' असं लिहिलेलं बटण दाबायला लावत असाल, तर विकत घेतलेल्या वस्तूचं जे होतं तेच त्याचं व्हायला हवं. ती देता यावी, ठेवता यावी, मागे राहिलेल्या बायको-मुलांना मिळावी. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू झाला आहे. नुसती वापरायची परवानगी देत असाल तर तसं ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' हे शब्द वापरायचे नाहीत. मला हा कायदा फार आवडला. जन्मभर मुलांना शब्द अर्थ बघून वापरायला शिकवलं, आता एक सरकार कंपन्यांना तेच शिकवतंय! पण यानं फक्त भाषा सुधारेल. वारसाचा प्रश्न सुटत नाही, आणि चिठ्ठीवरची मुदतही जात नाही. त्यासाठी अजून कुणीतरी भांडायला हवं.

शेवटी फडताळाचं काय झालं ते सांगतो. निर्णय वहिनींनीच घेतला. चाळीस डिस्क आणि एक यंत्र त्यांनी ठेवून घेतलं, बाकी लायब्ररीला. देताना एक गोष्ट मी आणि ईशानं केली. ज्या खोक्यांत दादानं चिठ्ठी काढलीच नव्हती अशी नऊ खोकी निघाली. ईशा म्हणाली, भरून टाकू आजीच्या खात्यात. वहिनी म्हणाल्या, "नको. चौदा झाले ते पुरेत. ही तशीच जाऊ देत. डॉलरभर देऊन कुणी गरजू नेईल, त्याला आत चिठ्ठी सापडली तर बरं वाटेल." मी म्हटलं, "वहिनी, तोवर मुदत संपेल." त्या म्हणाल्या, "भाऊजी, सगळंच आपण बघायचं का?" मी गप्प बसलो.

त्या निळ्या डब्यात आता वहिनींचे सुई-दोरे आहेत. आणि चौदा सिनेमांच्या खात्याचा पासवर्ड ईशानं आजीच्या हिशेबाच्या वहीत, दुधाच्या हिशेबामागच्या पानावर, मराठीत लिहून ठेवला आहे.

असो. अमेरिकेतल्या भाच्या-पुतण्यांनो, आता तुमच्यासाठी चार ओळी, मास्तरकीच्या. याच रविवारी तुमची खोकी उघडा. आत चिठ्ठी असेल तर आधी तळाची तारीख बघा आणि मग कोड भरा. तारीख गेली असली तरी एकदा भरून बघा, तीन चिठ्ठ्या आम्हाला अशाच लाभल्या. जुनी डिस्क विकत घेत असाल तर चिठ्ठी वापरलेली असणार असं धरूनच किंमत द्या. खाती एकमेकांशी जोडून ठेवा, म्हणजे एक दुकान बंद पडलं तर दुसऱ्यात सिनेमा राहील. खात्याला असा ईमेल द्या जो घर बदललं तरी बंद होणार नाही, आणि पासवर्ड घरातल्या एका तरी माणसाला ठाऊक असू द्या. आणि जो सिनेमा खरोखर जीव की प्राण आहे, त्याची डिस्क टाकू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, 'रिटायर झाल्यावर' असं काही लिहून ठेवू नका. माझ्याही कपाटात निरोप समारंभात मिळालेलं पेन अजून डबीत आहे. हे लिहायच्या आधी काढून बघितलं, तर शाई वाळली होती. उद्या नवी कांडी आणतो.

तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर जरूर कळवा.